जालन्यातली लढाई मद्रास रेजिमेंटच्या टोपीवर कशी पोचली? समजून घ्या सैन्याच्या बिल्ल्यांची भाषा

५ जून २०१९. क्रिकेट वर्ल्डकपमधली भारताची पहिली मॅच, साउदॅम्प्टनच्या मैदानावर, समोर दक्षिण आफ्रिका. कॅमेरा महेंद्रसिंग धोनीच्या विकेटकीपिंग ग्लोव्हजवर गेला आणि प्रेक्षकांना त्यावर एक छोटंसं चिन्ह दिसलं: पंख असलेला खंजीर. काही तासांत ते चिन्ह देशभरातल्या मोबाइलवर फिरत होतं. खेळाडूच्या साहित्यावर वैयक्तिक संदेश किंवा चिन्ह चालत नाही, असं म्हणत आयसीसीने ते काढायला सांगितलं. बीसीसीआयने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. त्या वादात एक मजेदार मुद्दाही पुढे आला. सैन्याच्या खऱ्या बिल्ल्यावर 'बलिदान' हा शब्द लिहिलेला असतो, ग्लोव्हजवर तो नव्हता. मग तो सैन्याचा बिल्ला म्हणायचा की नाही?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सैन्याच्या बिल्ल्यावर एक शब्द असणं किंवा नसणं, मुकुटाच्या जागी सिंह येणं, स्तंभाच्या जागी खंजीर येणं, यातल्या प्रत्येक बदलामागे इतिहास असतो. कधी भांडण असतं, कधी अभिमान. हत्ती, जहाज, सिंह, घोडा, बिगुल ही चित्रं आपल्या जवानांच्या टोप्यांवर आली कुठून, आणि त्यातली काही टिकली तर काही का गेली, ते पाहूया.

चिलखतात चेहरा दिसेना, म्हणून ढालीवर चित्र आलं

आजच्या लष्करी बिल्ल्यांची पद्धत बरीचशी युरोपातून आलेली आहे. बाराव्या शतकात तिथले सरदार डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घालून लढू लागले. शिरस्त्राणात चेहरा झाकला गेला की आपला कोण आणि शत्रूचा कोण हे कळायचं कसं? म्हणून ढालीवर, झेंड्यावर आणि चिलखतावरून घालायच्या अंगरख्यावर ठळक चित्रं काढायला सुरुवात झाली. अंगरख्यावरच्या या चित्रांमुळेच 'कोट ऑफ आर्म्स' हा शब्द रूढ झाला.

कोणत्या घराण्याचं चिन्ह कोणतं, याची नोंद ठेवणारे अधिकारी असत. त्यांना 'हेराल्ड' म्हणत, आणि त्यांच्या या शास्त्राला 'हेराल्ड्री'. मराठीत आपण कुलचिन्हशास्त्र म्हणू शकतो. या शास्त्राचे नियम अगदी व्यवहारी आहेत. सोनेरी आणि रुपेरी (म्हणजे पिवळा आणि पांढरा) हे 'धातू' मानले जातात, तर लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण सरळ आहे, चिन्ह लांबून ओळखू आलं पाहिजे. हायवेवरच्या पाट्यांवर गडद रंगावर पांढरी अक्षरं असतात, त्यामागचा विचारही तोच.

भारतात चिन्हं नव्हती असं नाही. चोळांचा वाघ, पांड्यांचा मासा, विजयनगरचा वराह, मराठ्यांचा भगवा आणि जरीपटका ही त्या त्या सत्तेची ओळखच होती. पण प्रत्येक पलटणीचा वेगळा बिल्ला आणि तो जवानाच्या टोपीवर, ही रीत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांबरोबर इथे आली. कंपनी पलटणींना बक्षीस म्हणून चित्रंही देत असे. इजिप्तच्या मोहिमेवर गेलेल्यांना स्फिंक्स मिळाला, चीनमध्ये लढलेल्यांना ड्रॅगन. या चित्राचा मान एकट्यादुकट्याला मिळत नसे, तो सगळ्या पलटणीचा असे.

एका फोटोत काय काय वाचता येतं?

सैनिकाचा गणवेश म्हणजे एक प्रकारचं ओळखपत्र आहे. त्यावर चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते.

टोपीवर किंवा पगडीवर असतो कॅप बॅज. हा रेजिमेंटचा किंवा कोअरचा बिल्ला, म्हणजे जवानाचं 'घराणं'. त्याच्या मागे काही रेजिमेंटमध्ये रंगीत तुरा असतो, त्याला 'हॅकल' म्हणतात. खांद्यावर असतो हुद्दा. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन. मेजर झाला की तारे जाऊन तिथे अशोकस्तंभाचे सिंह येतात. लेफ्टनंट कर्नलला सिंहाबरोबर एक तारा, कर्नलला दोन, ब्रिगेडियरला तीन. मेजर जनरलपासून पुढे एकमेकांवर ठेवलेली तलवार आणि बॅटन दिसते. दंडावरची पट्टी असते ती 'फॉर्मेशन साइन', म्हणजे तो जवान सध्या कोणत्या डिव्हिजन, कोअर किंवा कमांडमध्ये नेमलेला आहे त्याची खूण. छातीवर पदकांच्या फिती आणि विशेष कौशल्याचे बिल्ले असतात.

रंगही बोलतात. रायफल रेजिमेंटचे बिल्ले, बटणं आणि हुद्द्याची चिन्हं काळी असतात. जुन्या काळी बाकीची पायदळं भडक कपड्यांत रांगेने लढत, तेव्हा रायफलधारी सैनिक पांगून, आडोसा घेऊन लढत. चकाकणारं पितळ त्यांना परवडणारं नव्हतं. गरज कधीच संपली, काळा रंग मात्र मानाची खूण म्हणून राहिला.

धोनीच्या ग्लोव्हजवरचा खंजीर याच कौशल्याच्या बिल्ल्यांच्या घरातला. खाली टोक असलेला कमांडो खंजीर, दोन्ही बाजूंनी वर जाणारे पंख आणि पट्टीवर देवनागरीत 'बलिदान'. हा बिल्ला पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसचा आहे, नुसता पॅराट्रूपर झालं म्हणून तो मिळत नाही. धोनी २०११ पासून टेरिटोरियल आर्मीच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये मानद लेफ्टनंट कर्नल आहे, त्यामुळे त्याला या चिन्हाची ओढ असणं समजण्यासारखं आहे. आज हाच बिल्ला टी-शर्टवर, गाड्यांच्या काचांवर आणि बाइकच्या टाकीवर सर्रास दिसतो. मात्र आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं किंवा तसं चिन्ह बाळगणं हा कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये ही तरतूद होती आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे.

असईचा हत्ती

आता महाराष्ट्राशी थेट नातं असलेला बिल्ला बघूया, तोही मद्रास रेजिमेंटचा. या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर ढाल आणि तलवारींसोबत एक हत्ती आहे. दक्षिणेतली रेजिमेंट, म्हणून हत्ती असेल, असं कुणालाही वाटेल. पण लष्करी इतिहासात या हत्तीचं नावच 'असईचा हत्ती' आहे, आणि असई हे गाव आहे आपल्या जालना जिल्ह्यात.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची गाठ कंपनीच्या फौजेशी पडली. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. असईला मराठ्यांचा तोफखाना भारी होता आणि कवायती पलटणी शिकलेल्या होत्या. वेलस्ली जिंकला, पण त्याची प्रचंड हानी झाली. वॉटर्लूचा विजय नावावर असूनही आपली सगळ्यात चांगली लढाई तो असईचीच मानत असे.

त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूने लढणाऱ्यांत ब्रिटिश पलटणींबरोबर मद्रासच्या देशी पलटणीही होत्या. बक्षीस म्हणून त्यांना झेंड्यावर आणि बिल्ल्यावर हत्ती मिरवण्याचा मान मिळाला. म्हणजे मराठी माणसाच्या नजरेतून पाहिलं तर तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातले जवान आज जो हत्ती डोक्यावर घेऊन सीमेवर उभे असतात, तो मराठ्यांच्या पराभवाची खूण म्हणून जन्माला आला. रेजिमेंटचं केंद्र निलगिरीतल्या ज्या गावात आहे त्याचं नावही वेलिंग्टन, त्याच ड्यूकवरून पडलेलं.

मग स्वतंत्र भारताने हा हत्ती ठेवला कसा? भारतीय सैन्याने इंग्रजांच्या काळातले 'बॅटल ऑनर' म्हणजे लढाईचे मान तपासले आणि भारतीय सत्तांविरुद्धच्या लढायांचे मान अस्वीकारार्ह ठरवले. असईचं नाव त्या यादीत आहे. म्हणजे मद्रास रेजिमेंट असईचा विजय साजरा करत नाही, पण हत्ती तिथेच आहे. तो आता असईचा कमी आणि रेजिमेंटचा जास्त झाला आहे. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जे जवान लढले, त्यांच्या टोपीवर तो होता.

पायदळाच्या डोक्यावर जहाज, राजपुत्राचा घोडा आणि रोमन नऊ

असे पाहुणे बिल्ले आणखीही आहेत.

पंजाब रेजिमेंटच्या बिल्ल्यावर वल्ही आणि शीड असलेलं जहाज आहे. पाच नद्यांच्या प्रदेशातलं पायदळ, समुद्र कित्येक कोस लांब, मग जहाज कशाला? तर १८२४ पर्यंत या रेजिमेंटच्या एका पूर्वज पलटणीने समुद्रापलीकडच्या आठ मोहिमांत भाग घेतला होता. समुद्र ओलांडला की जात बाटते असं मानण्याच्या काळात परदेशी जायला तयार असणाऱ्या सैनिकांना हे जहाज मान म्हणून देण्यात आलं.

कुमाऊं रेजिमेंटच्या बिल्ल्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेल्या सिंहाचा वरचा अर्धा भाग आहे आणि त्याच्या पंजात क्रॉस आहे. हेराल्ड्रीत उभ्या सिंहाला 'रॅम्पंट' म्हणतात आणि असा अर्धा दाखवला की 'डेमी-रॅम्पंट'. हा सिंह आला इंग्लंडच्या रसेल घराण्याच्या कुलचिन्हातून. निजामाच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याने हैदराबादेत उभारलेल्या फौजेत या रेजिमेंटची मुळं आहेत. म्हणजे सिंह इंग्लंडचा, पलटण हैदराबादची आणि जवान कुमाऊंचे. या रेजिमेंटचं १९ हैदराबाद रेजिमेंट हे नाव १९४५ मध्ये बदलून कुमाऊं झालं, सिंह मात्र बदलला नाही. पहिले परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा आणि १९६२ मध्ये रेझांग ला इथे शेवटपर्यंत लढलेले मेजर शैतान सिंह हे दोघेही याच रेजिमेंटचे.

ग्रेनेडियर्सच्या बिल्ल्यावर पेटता हातगोळा आहे आणि त्यावर धावता पांढरा घोडा. हातगोळा समजतो, कारण ग्रेनेडियर म्हणजे ग्रेनेड फेकणारा. घोडा मात्र जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. १७१४ ते १८३७ या काळात इंग्लंडचे राजे हॅनोव्हरचेही शासक होते, त्यामुळे तिथला घोडा इंग्रजी फौजेत शिरला आणि तिथून भारतात आला. इंग्लंड आणि हॅनोव्हरचं ते नातं तुटून दोनशे वर्षं होत आली. इकडे हाच बिल्ला लावणाऱ्या अब्दुल हमीद यांनी १९६५ मध्ये खेमकरण भागात पाकिस्तानी रणगाडे उडवले आणि योगेंद्रसिंह यादव यांनी १९९९ मध्ये टायगर हिलवर पराक्रम केला. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं.

जाट रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तर रोमन आकड्यात चक्क नऊ लिहिलेलं आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या सैन्यात पायदळाच्या क्रमवारीत ही नववी रेजिमेंट होती. ती क्रमवारी इतिहासजमा झाली, नऊ राहिला.

मराठा लाइट इन्फंट्रीचा बिगुल

१७६८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या, बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात बिगुल आहे. वाद्यवृंदाशी त्याचा संबंध नाही.

अठराव्या शतकातलं पायदळ दाट रांगांमध्ये चालायचं, तेव्हा हुकूम ढोलाच्या तालावर दिले जात. लाइट इन्फंट्रीचं काम वेगळं. मुख्य फौजेच्या पुढे जायचं, झाडाझुडपांतून पांगून शत्रूला हैराण करायचं आणि झटकन मागे यायचं. पांगलेल्या माणसांपर्यंत ढोलाचा आवाज नीट पोचत नाही आणि ढोल गळ्यात अडकवून पळताही येत नाही. जर्मन फौजांमध्ये अशा कामासाठी शिकाऱ्यांची भरती होई आणि ते शिकारीतलं शिंग वापरत. तेच शिंग पुढे बिगुल झालं आणि लाइट इन्फंट्रीची खूण बनलं.

हलक्या, चपळ फौजेची ही पद्धत मराठी मुलखाला नवी नव्हतीच. गनिमी काव्याने लढणाऱ्या मावळ्यांचं बळ हेच होतं. त्यामुळे हा परका बिगुल इथे उपरा वाटला नाही. याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये इटलीत लढले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. रेजिमेंटचा युद्धघोष आहे 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. बिगुल युरोपचा आणि घोष रायगडाचा, दोन्ही एकाच जवानाचे.

महार रेजिमेंट : स्तंभ गेला, खंजीर आला

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याची गोष्ट सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी आहे.

१९४१ च्या १ ऑक्टोबरला बेळगावात ही रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे मोठी लढाई होती, कागदावरची. कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जाती' आणि 'बिगर लढाऊ जाती' अशी विभागणी केली आणि महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि महारांची स्वतंत्र रेजिमेंट व्हावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला.

नव्या रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता आणि खाली 'महार' हा शब्द; एकमेकांवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन त्यावर पुढे आल्या. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठच्या कोरेगावात कंपनीची तुकडी आणि पेशव्यांची फौज यांच्यात लढाई झाली होती. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत 'नाक' हा शेवट असलेली महार सैनिकांची नावं आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभाला भेट दिली होती. 'तुम्ही लढाऊ नाही' असं ज्या समाजाला सांगितलं गेलं, त्याच्यासाठी तो स्तंभ म्हणजे दगडात कोरलेला पुरावा होता. बिल्ल्यावरचं त्याचं चित्र ही भरतीची मागणीच होती असं म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर स्तंभ बिल्ल्यावरून काढला गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. मशीनगन राहिल्या. रेजिमेंटचं बोधवाक्य आहे 'यश सिद्धी'. आज ही रेजिमेंट एका जातीपुरती नाही, देशभरातले जवान त्यात आहेत. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधून आले. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले आणि परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन हेही महार रेजिमेंटचेच.

पण एक प्रश्न उरतोच. असईचा हत्ती टिकला आणि कोरेगावचा स्तंभ गेला, असं का? दोन्ही लढायांत एका बाजूला कंपनी होती, दुसऱ्या बाजूला मराठ्यांची सत्ता. फरक चित्रात आहे. हत्तीला माहिती नसलेल्या माणसाच्या लेखी असई ठाऊक असण्याची गरज नाही, हत्ती म्हणजे ताकद एवढं पुरतं. स्तंभाचं तसं नाही. तो एकाच जागेचा आणि एकाच दिवसाचा आहे, त्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. म्हणून हत्ती नव्या देशात सहज मिसळला. स्तंभ बिल्ल्यावरून उतरला, पण लोकांच्या मनातून उतरला नाही. दर १ जानेवारीला कोरेगावात लाखो लोक येतात, ते याच आठवणीसाठी.

१९५० : मुकुट उतरला, सिंह चढले

ज्या चित्राचा दुसरा अर्थ लागत नाही त्याचं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे मुकुट. इंग्रजांच्या काळात बहुतेक बिल्ल्यांच्या डोक्यावर राजाचा मुकुट असे. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह राजमुद्रा झाले. बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी सिंह आले. मेजरच्या खांद्यावरचा मुकुट गेला, तिथेही सिंह आले. हुद्द्याच्या ताऱ्यांमध्ये ब्रिटिशांच्या 'ऑर्डर ऑफ द बाथ' या सन्मानाची नक्षी होती, तिच्या जागी साधा पाच टोकांचा तारा आला. मांडणी तशीच ठेवली. त्यामुळे मोठ्या सैन्याची ओळख एकदम पुसली न जाता बदलली.

यातली गंमत अशी की एका रेजिमेंटच्या टोपीवर हे सिंह आधीपासूनच होते. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या बिहार रेजिमेंटने अशोकाचे सिंह हेच चिन्ह घेतलं होतं. त्या निवडीचं श्रेय कॅप्टन हबीबुल्ला खान खट्टक यांना दिलं जातं. फाळणीनंतर ते पाकिस्तानी सैन्यात गेले आणि तिथे लेफ्टनंट जनरल झाले.

स्वातंत्र्यानंतर नव्याने उभारलेल्या रेजिमेंटना मात्र मुळात काही पुसायचं नव्हतं. १९४९ मध्ये आलेल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सने गरुड निवडला. १९७० च्या नागा रेजिमेंटच्या बिल्ल्यावर नागा भाले, दाव आणि मिथुन हा डोंगरी गोवंशातला प्राणी आहे. याउलट कोअर ऑफ सिग्नल्सच्या बिल्ल्यावर अजूनही रोमन दूतदेव मर्क्युरी आहे. जवान त्याला 'जिमी' म्हणतात. निरोप पोचवणारा देव संदेशवहन करणाऱ्यांना चालून गेला.

काळं मांजर, लाल गरुड आणि लपवलेला आकडा

दंडावरच्या फॉर्मेशन साइनचं काम कॅप बॅजच्या उलट असतं. कॅप बॅज ओळख सांगतो. फॉर्मेशन साइन आपल्या माणसांना ओळख सांगते आणि शत्रूपासून लपवते. गाडीवर '१७ वी डिव्हिजन' लिहिलं तर हेराला फुकट माहिती मिळते. काळं मांजर काढलं तर ज्याला माहीत आहे त्यालाच कळतं.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय डिव्हिजननी अशी चिन्हं घेतली. चौथीचा लाल गरुड, सतरावीचं काळं मांजर, एकोणिसावीचा खंजीर, तेविसावीचा झुंजणारा कोंबडा, सातवीचा सोनेरी बाण. फाळणीत फौजा वाटल्या गेल्या तेव्हा चिन्हंही वाटली गेली. लाल गरुड भारताकडे राहिला, सोनेरी बाण पाकिस्तानकडे गेला आणि आजही पाकिस्तानची सातवी डिव्हिजन तो वापरते. काळं मांजर सिक्कीममध्ये आहे.

नौदलाचा क्रॉस आणि शिवरायांचा अष्टकोन

बिल्ल्यांचा हा इतिहास संपलेला नाही, हे नौदलाच्या झेंड्याने दाखवून दिलं. नौदलाच्या झेंड्यावर इंग्लंडचा लाल सेंट जॉर्ज क्रॉस स्वातंत्र्यानंतरही होता. २००१ मध्ये तो काढला आणि निळं चिन्ह आणलं. पण आभाळाच्या आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर निळा रंग उठून दिसेना, म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आला, या वेळी मध्यभागी अशोकाचे सिंह घेऊन. बाराव्या शतकातला तो नियम एकविसाव्या शतकातही खरा ठरला: लांबून दिसत नसेल तर चिन्ह निरुपयोगी.

शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत 'विक्रांत' नौदलात दाखल होताना नवा झेंडा आला. क्रॉस कायमचा गेला. एका कोपऱ्यात तिरंगा, दुसऱ्या बाजूला निळ्या अष्टकोनात नांगर आणि राजमुद्रेचे सिंह. अष्टकोनाची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतून घेतलेली आहे आणि त्याच्या आठ बाजू आठ दिशा दाखवतात. त्याभोवती सोनेरी दुहेरी किनार आहे, त्यामुळे निळा या वेळी हरवत नाही. पुढच्याच वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला आणि त्यानंतर ॲडमिरल हुद्द्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरही अष्टकोन आला.

मोठे साहेब झालं की बिल्ला उतरतो

१ ऑगस्ट २०२३ पासून भूदलात आणखी एक बदल झाला. ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला. त्याआधी गोरखा रायफल्समधून आलेला ब्रिगेडियर तिरकी गोरखा हॅट आणि काळे बिल्ले घालत असे, पॅराशूट रेजिमेंटमधला मरून टोपी घालत असे. आता टोपी, खांद्यावरचे बिल्ले, कॉलरवरच्या लाल पट्ट्या, पट्टा आणि बूट सगळ्यांचे सारखे.

कारण समजण्यासारखं आहे. कर्नलपर्यंत अधिकारी आपल्या पलटणीचा असतो. त्यापुढे त्याच्या हाताखाली अनेक रेजिमेंटचे जवान येतात आणि त्याने कुणा एका घराण्याचा दिसू नये अशी अपेक्षा असते. पण पंचवीस-तीस वर्षं ज्या बिल्ल्याखाली काढली, तो बढतीच्या दिवशी उतरवणं सोपं नसतं. जवानाचं नातं आधी पलटणीशी जडतं आणि सैन्याशी ते पलटणीतूनच जडतं, ही भारतीय सैन्याची जुनी रीत आहे.

म्हणून कोणता बिल्ला ठेवायचा आणि कोणता बदलायचा याचं उत्तर फक्त 'तो कुणी दिला' यावरून मिळत नाही. तो घालून नंतर कोण लढलं, हेही पाहावं लागतं. मुकुट गेला, कारण राजाशिवाय त्याला अर्थच नव्हता. हॅनोव्हरचा घोडा राहिला, कारण तो आता हॅनोव्हरचा उरला नाही, अब्दुल हमीद यांचा झाला. असईच्या हत्तीकडे मराठी माणसाने कोणत्या नजरेने पाहावं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पुढच्या वेळी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मद्रास रेजिमेंटची तुकडी समोरून गेली, तर त्यांच्या टोपीकडे नीट बघा. जालना जिल्ह्यातलं एक छोटं गाव तिथून कर्तव्यपथावर चालत असेल.